निकाल लागले, शाळेत कुणी कळवलं नाही

११ डिसेंबर २०११ रोजी पुण्यात समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची पहिली अभिमान फेरी निघाली. त्याला पंधरा वर्षं होत आली. आता सत्कार होतील, स्मरणिका निघतील, 'पुणं किती बदललं' असं भाषण कुणीतरी ठोकेल. पुणं बदललं असेलही. इकडे देहूत परवा एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीतल्या मुलाने लावणी केली. फार सुरेख केली. पाहुण्यांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मोठा झाला की ह्याला पोरगी बघायची की पोरगा?" मंडप खदखदून हसला. पहिल्या रांगेतले शिक्षकही हसले. बक्षिसाला नाव पुकारलं तेव्हा मुलगा जागेवर नव्हता.

मी याच देहू-चाकण पट्ट्यात मराठी शिकवत निवृत्त झाले, त्यामुळे मला त्या हसण्याचं नवल वाटलं नाही. चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. मधल्या वर्षांत इतके निकाल लागले, इतके कायदे झाले, आणि ते हसू मात्र जिथल्या तिथे.

त्या फेरीआधीचा काळ भराभर उलटावा असा आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ लैंगिक शिक्षणाचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यापायी खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. १९८१ साली तेंडुलकरांचं समलिंगी नायिकेचं नाटक 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. मुंबईत १९९०ला 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं नियतकालिक निघालं, १९९४ला त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. सगळं मोलाचं, पण शहरातल्या वाचत्या माणसांपुरतं. पिंपरी-चिंचवडला तेव्हा पाळी, ओव्हरटाइम आणि भाड्याची खोली यांतून मान वर करायला उसंत नव्हती. शाळेचा विषय निघाला तो थेट २००७ साली, आणि तोही उलट्या पावलाने. किशोरवयीन मुलांसाठीचा लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम राज्याने गुंडाळला. कारण काय, तर आपली संस्कृती. संस्कृतीसाठी गळा काढणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत मुतारीमागे एका पोराला घेरून 'बायल्या, बायल्या' ओरडणारी टोळी कधी पाहिली होती का? आम्ही शिक्षक रोज पाहत होतो आणि घंटा झाली की खडू उचलून वर्गावर जात होतो.

माझ्या मते खरी घडामोड झाली ती २००९ ते २०१८ या दशकात. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयात न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा दात काढला. शहा मूळचे सोलापूरचे. आमच्या स्टाफरूममध्ये एरवी मराठी न्यायाधीशाच्या नावाने चहा झाला असता. त्या दिवशी पेपर उलटा घडी घालून कपाटावर ठेवला गेला, मुलांच्या नजरेस पडू नये म्हणून. सहा महिन्यांनी 'नटरंग' चित्रपट आला. नाच्या झाल्यामुळे गावाने झिडकारलेल्या गुणासाठी याच स्टाफरूमने डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात चालीवरून एका मुलाची नक्कल करून दाखवली.

आणि हे गाव देहू. इथे तुकाराम बीजेला मिशाळ, धिप्पाड गडी एकमेकांचे हात धरून फुगडी खेळतात. भारुडात लुगडं नेसलेला बाप्या आला की बायाबापड्या पदर तोंडाला लावून दाद देतात. गौळण म्हणणारा बुवा राधेचा लाडिक सूर लावतो तेव्हा कुणी खाकरतसुद्धा नाही. देवळाच्या आवारात जे भक्ती म्हणून खपतं, ते शाळेच्या आवारात आलं की पालकांना बोलावणं धाडलं जातं. याचा जाब मी अनेकांना विचारला. उत्तर एकच मिळे: "मॅडम, ते वेगळं."

असंच एक बोलावणं २०१२च्या सुमारास आमच्या शाळेतून गेलं. मुलगा नववीत. बाप लातूरकडचा, चाकणला प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. तिसरी पाळी सुटल्यावर तसाच आला. पायात सेफ्टी शूज, नखांत काळं तेल. मुख्याध्यापकांनी त्याला उभ्यानेच ऐकवलं, "मुलींच्यात बसतो. चालणं-बोलणं सुधारा, नाहीतर दाखला घेऊन जा." बाप 'हो साहेब' म्हणाला आणि घरी जाऊन त्याने पट्टा काढला. दुसऱ्या दिवशी आई आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, माझंच काही चुकलं का ओ? पोरगी नव्हती म्हणून लहानपणी हौसेनं फ्रॉक घालायची मी त्याला."

असं विचारणाऱ्या बाईच्या हातात काय द्यायचं, हे त्या वर्षांत मला ठाऊक होतं, आणि ते बिंदुमाधव खिरे यांच्यामुळे. अमेरिकेत आयटीत काम केलेला हा माणूस पुण्यात परतला, २००२ साली त्याने समपथिक ट्रस्ट काढला. पहिली अभिमान फेरीही याच ट्रस्टची. पण फेरीपेक्षा मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. ठरलेल्या वेळी उचलला जाणारा एक मदतीचा फोन होता. शाळकरी वयापासून वाढत जाणाऱ्या समलिंगी मुलाची रोजनिशी असावी तशी 'पार्टनर' ही कादंबरी होती. आणि 'मनाचिये गुंती' होतं, समलिंगी मुलामुलींच्या आईवडिलांचे अनुभव, साध्या मराठीत. ज्ञानोबांच्या अभंगातून घेतलेलं ते नाव पाहून त्या बाईने पुस्तक आधी कपाळाला लावलं. ती सातवी शिकलेली. तिने ते महिनाभर पुरवून वाचलं. घरातला मोबाइल नवऱ्याकडे असायचा, म्हणून फोन तिने किराणा दुकानासमोरच्या रुपयाच्या डब्यावरून केला. पलीकडच्या माणसाने काय सांगितलं ते तिने मला दोन वाक्यांत सांगितलं: पोराला आजार नाही, आणि तुमचं काही चुकलेलं नाही. हे मी आधीच तिला सांगितलं होतं. पण मी पडले शाळेची बाई. तिच्या लेखी मी हुकूम काढणाऱ्यांतलीच.

तो मुलगा दहावी झाला, आयटीआय झाला, आज कमावतो. बाप अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. म्हणजे गोष्ट गोड झाली असं नाही, पण शाळा सुटली नाही. ज्यांच्या आयांना कुणी तो नंबर दिला नाही, त्यांची नावं हजेरीपटावर 'सतत गैरहजर' अशा शेऱ्याखाली संपली. २०११च्या जनगणनेत पहिल्यांदा लिंगाच्या रकान्यात 'इतर' ही सोय झाली. देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद तशी झाली, महाराष्ट्रात ४०,८९१. आणि देशातल्या आकड्यात ५४,८५४ मुलं सहा वर्षांपर्यंतची होती. दारात आलेल्या प्रगणकाला कुणा आईने किंवा बापाने तसं सांगितलं, म्हणूनच ना ही नोंद झाली? ती मुलं याच वर्षांत आपल्या शाळांतून गेली. त्यांतली किती दहावीपर्यंत पोचली, हे कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याने विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

पुढे ११ डिसेंबर २०१३. पुण्याच्या फेरीला बरोबर दोन वर्षं झाली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. त्या खटल्यात १९ पालक न्यायालयात गेले होते. आमच्या मुलांना गुन्हेगार ठरवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. न्यायालयाला हे लोक अगदीच थोडे वाटले. ज्या घरात असं मूल आहे त्या घरात ते थोडं नसतं, हे निकालपत्रात कुठे मावणार? त्या आठवड्यात आमच्याकडे एका शिक्षकाने वर्गात पेपर फडकावत "बघा, कोर्टानेच सांगितलं" असं म्हटलं. चार वर्षं उलट्या घडीत राहिलेला पेपर त्या दिवशी सरळ झाला.

१५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मिळाला. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगओळख घातली. चांगलंच झालं. फक्त अर्थ असा झाला, की बारावीपर्यंत सोसून टिकलात तर पुढे संरक्षण आहे. मग ६ सप्टेंबर २०१८. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३७७चा प्रश्न सज्ञान माणसांपुरता कायमचा मिटवला. पीठात धनंजय चंद्रचूड होते. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर, चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातलं. न्या. इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासाने या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांची! मी ते दोनदा वाचलं. ती माफी चाकणच्या प्रेस शॉपपर्यंत कोण घेऊन जाणार होतं?

जे नेऊ शकले असते ते तोवर आपसांत भांडत होते. २०१७च्या पुण्याच्या फेरीआधी कपडे कसे असावेत यावरून रणं माजली. एक बाजू म्हणे, पुणेकरांना बिचकवू नका. दुसरी म्हणे, आमच्या कपड्यांवर बोलणारे तुम्ही कोण. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही कंटाळा येत होता. आमच्या मुलांच्या अंगावर गणवेश होता आणि तेवढ्यानेही मार चुकत नव्हता.

त्यानंतर काय विरलं, ते सांगते. पहिली गेली मराठी. आज या विषयावरचं पुष्कळसं बोलणं इंग्रजीत चालतं. अभिमान-महिना म्हणून जून आला की हिंजवडीच्या कंपन्या बोधचिन्हाला इंद्रधनुष्य फासतात आणि जुलैत पुसतात. मुंबईत २०१७ साली 'स्वीकार' हा पालकांचा गट उभा राहिला, त्याचं काम उत्तम आहे. पण पाळी बुडली की पगार बुडतो अशा बापाला मुंबई लांब. 'मनाचिये गुंती' मी परवा एका दुकानात मागितलं, तर विक्रेत्याने मला अध्यात्माच्या फळीकडे पाठवलं.

दुसरी विरली ती शाळेबद्दलची आशा. २०२१ साली एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांची पुस्तिका काढली. बाल हक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि ती काही दिवसांत संकेतस्थळावरून नाहीशी झाली. २०२२ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. मला त्याचा अभिमान आहे. पण ज्यांना आपण आज दारावर नोकरी देतो, त्यांतल्या कितीजणांना शाळेच्या दारातून घालवलं होतं, हेही विचारायला हवं. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलिंगी माणसाला 'बरं करण्याचे' उपचार हा डॉक्टरांचा गैरव्यवहार ठरवला. आमच्याकडच्या आया मात्र इंजेक्शन कुठे मिळतं ते अजून विचारतात. कारण आयोगाचं पत्रक त्यांच्या हाती पडत नाही, जाहिरातीचा कागद पडतो. आणि १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला गेला तेव्हा घरोघरच्या बापांना म्हणायला मिळालं, "बघ, कोर्टसुद्धा नाहीच म्हणालं."

नियम नाहीत अशी सबब मला कुणी सांगू नये. शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मुलाच्या मानसिक छळाला मनाई करतं. २०१९च्या तृतीयपंथी कायद्याने शिक्षणसंस्थांतला भेदभाव बेकायदा ठरवला. मार्च २०२२पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायची आहे. २०२५ साली बारावीतल्या एका विद्यार्थ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला, एनसीईआरटीला आणि महाराष्ट्रासह सहा राज्यांना नोटिसा काढल्या, की अभ्यासक्रमात तृतीयपंथीयांना सामावून घेणारं लैंगिक शिक्षण का नाही. म्हणजे प्रश्न शेवटी शाळेच्या फाटकाशी आणला तो एका विद्यार्थ्याने. आम्ही मोठी माणसं अजून समितीच्या बोर्डावर नावं रंगवतो आहोत.

माझं मागणं मोठं नाही. 'बायल्या', 'छक्का' ही हाक तक्रारवहीत छळ म्हणून नोंदवली जावी. माइकवरून मुलाची थट्टा करणाऱ्या पाहुण्याला मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे थांबवावं. आणि या पट्ट्यात आठवड्यातून एक तास मराठीत फोन उचलणारं कुणी असावं, ज्याचा नंबर पालकसभेत फळ्यावर लिहिता येईल. दरवर्षी सप्ताहाला लाखांची वर्गणी जमवणाऱ्या गावांना आणि जूनमध्ये इंद्रधनुष्य रंगवणाऱ्या कंपन्यांना मिळून एका तासाचा पगार परवडत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.