एका ‘तरच’चा खटला

एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत. जुन्या लॅपटॉपमध्ये त्यांच्यामागे पेन्सिलीहूनही बारीक फ्लुरोसंट नळी असे. बॅटरी देते डीसी, नळीला हवा जास्त व्होल्टेजचा एसी. आणि पेटताना तर आणखी जास्त. हे काम करणाऱ्या सर्किटच्या पेटंटवरून ओटू मायक्रो या कंपनीने तैवानच्या बियाँड इनोव्हेशनसह काही कंपन्यांना अमेरिकेत कोर्टात खेचले.

पेटंटच्या दाव्यातले शब्द साधे होते: ‘फीडबॅक सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेल तरच’ सर्किटमधल्या स्विचांवर नियंत्रण येईल.

प्रतिवादी म्हणाले, ‘तरच’ म्हणजे तरच. कधीही, कुठलाही अपवाद नाही. ओटू मायक्रोचे म्हणणे, ही अट नळी स्थिरपणे जळू लागल्यावरची, पेटण्याच्या क्षणाची नव्हे. गंमत अशी, की शब्दाच्या अर्थावर दोघांचेही एकमत होते! भांडण होते ते तो कुठवर लागू होतो याचे.

टेक्सासमधल्या न्यायाधीशांनी ‘अर्थ उघड आहे’ म्हणून खुलासा केलाच नाही. वकिलांनी मग तोच वाद ज्युरीपुढे घातला आणि ज्युरीने ओटू मायक्रोच्या बाजूने कौल दिला. वास्तविक दाव्याचा अर्थ लावणे हे न्यायाधीशाचे काम, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच मार्कमन खटल्यात सांगितले होते.

एप्रिल 2008 मध्ये फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ज्युरीचा कौल आणि त्यावरून निघालेला मनाई हुकूम दोन्ही रद्द केले. प्रकरण पुन्हा टेक्सासला गेले, ‘तरच’ची व्याप्ती ठरवायला.