गाडीचे मंद दिवे

मोटारगाडीच्या दिव्यांसारखा विषय कौटुंबिक मासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु आपल्यापैकीं ज्या घरांनीं शेती राखली आहे, त्यांच्या अंगणांत आज बैलगाडीच्या जागीं लहान मालगाडी, म्हणजे जीस सर्वत्र पिकअप म्हणतात ती, उभी असते. ती रात्रीं बाहेर गेली कीं घरांतील माणसांचे कान दाराकडे लागलेले असतात. ज्या दिव्यांच्या भरंवशावर घरचा माणूस अंधारांतून परत यावयाचा, ते दिवे कसे आहेत हें पाहणें गृहकृत्यांपैकींच होय.

आमच्या माकणीचेंच उदाहरण घ्या. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांतील हें गांव तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणामुळें ओळखलें जातें. भाजीपाला लातूरच्या किंवा सोलापूरच्या सकाळच्या बाजारांत पोहोंचवावयाचा, तर गाडी रात्रींच काढावी लागते. त्यांतून ऊसतोडीचा हंगाम म्हणजे रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या. त्यांतील कित्येकांस मागें दिवा नसतो. उसाचा तो काळसर ढीग रात्रीं रस्त्याशीं एकरूप होऊन जातो, आणि बैलगाडीवर तोडकऱ्याचीं मुलेंबाळेंही बसलेलीं असतात.

आतां थोडें गणित करूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. पुढें कांहीं आहे हें दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यांतच २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी तीसएक मीटर लागतात. माल भरलेला असल्यास याहूनही अधिक. म्हणजे एकूण पंचावन्न मीटर झाले. दिव्यांच्या उजेडांत तीस-पस्तीस मीटरच दिसत असेल, तर चालक कितीही सावध असो, अपघात टाळणें त्याच्या हातीं राहत नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांत पुढच्या दिव्यांनीं १५५ मीटरांपर्यंतचीं माणसें व वाहनें स्पष्ट दिसावींत अशी अपेक्षा आहे. जुन्या पिकअपचे दिवे त्या मानानें निरांजनासारखेच ठरतात.

हे दिवे मंद कां होतात? आपल्या घरच्या कंदिलाचा प्रकाश कमी झाला, तर आपण कांच पाहतों, वात पाहतों आणि तेल पाहतों. मोटारीच्या दिव्यासही हाच न्याय लागू आहे. त्याची कांच म्हणजे पुढचें आवरण व मागचा आरसा, वात म्हणजे बल्ब, आणि तेल म्हणजे वीज. बहुतेक लोक वात बदलून मोकळे होतात. खरा दोष पुष्कळदां तेलांत असतो.

बॅटरींतील वीज जुन्या गाडींत थेट दिव्याकडे जात नाहीं. ती आधीं चालकापुढील स्विचमध्यें, तेथून अप्पर-डिप्परच्या खटक्यांत आणि मग लांब, बारीक वायरींतून दिव्यास पोहोंचते. दोन्हीं दिवे मिळून सुमारें दहा अँपिअरचा प्रवाह या वाटेनें वाहतो. वर्षानुवर्षांच्या वापरानें खटके काजळतात, जोड गंजतात, आणि वाटेंतच विजेचा दाब घटतो. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. दाब शेंकडा दहा उतरला, तर उजेड शेंकडा दहा नव्हे, जवळजवळ तीस उतरतो. तंतु थोडा थंड पडला कीं त्याचा प्रकाश झपाट्यानें कमी होतो व पिवळा पडतो.

हा दोष शोधणें कठीण नाहीं. इंजिन चालू ठेवून दिवे लावावे. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोंकास व दुसरी बल्बाच्या होल्डरमधील वीज येणाऱ्या टोंकास लावली, कीं वाटेंत किती व्होल्ट गळतात तें कळतें. तशीच परीक्षा बॅटरीचें ऋण टोंक आणि दिव्याची अर्थिंग यांमध्यें करावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक गळती आढळल्यास तेथें दुरुस्ती हवी. अर्थिंगचा स्क्रू ज्या पत्र्यावर बसतो तेथील गंज व रंग खरवडून तो घट्ट बसवावा. केवळ एवढ्यानेंही कित्येक दिवे उजळतात.

दुसरा उपाय रिलेचा. रिले म्हणजे विजेनें चालणारा खटका. बॅटरीजवळ फ्यूज घालून तेथून अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेमार्फत सरळ दिव्यांकडे न्यावी. जुन्या स्विचनें फक्त रिलेस हुकूम द्यावा. अप्परसाठीं एक व डिप्परसाठीं एक, असे दोन रिले लागतात. शक्य तर डाव्या व उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे ठेवावे, म्हणजे एक गेला तरी दुसरा सोबत करील. कांहीं गाड्यांत खटका अर्थिंगच्या बाजूस असतो, म्हणून हें काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावें.

कांचेकडे वळूं. जुन्या गोल दिव्यांची कांच खरी कांच असते. ती पिवळी पडत नाहीं, पण आंतील आरसा धूळ व पाणी शिरून काळवंडतो. तो फडक्यानें पुसूं नये, कारण त्यावरील चकाकीचा थर अत्यंत पातळ असतो. आरसा गेला असल्यास संपूर्ण दिवा बदलणेंच इष्ट. नव्या धाटणीचें प्लास्टिकचें आवरण उन्हानें पिवळें पडतें. तें पाण्याबरोबर बारीक व मग अतिबारीक पॉलिशपेपरनें घांसून उजळतां येतें. मात्र नंतर उन्हापासून राखणारा लेप न दिल्यास तें पुन्हा लवकरच पिवळें पडतें. चालकापुढील मोठी कांच आंतूनही पुसावी.

राहिली वात. येथें मोह मोठा असतो. हॅलोजनचा एच-४ बल्ब, जो १९७१ पासून प्रचारांत आला, तो ६० व ५५ वॅटचा असतो. दुकानांत १०० व ९० वॅटचेही मिळतात. ते लावले कीं आधींच दुबळी वायर तापते, होल्डर वितळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हॅलोजनच्या दिव्यांत एलईडी बल्ब बसविण्याचाही असाच परिणाम होतो. आरशाची घडण तंतूच्या नेमक्या जागेस अनुसरून असते. प्रकाशाचें उगमस्थान बदललें कीं किरण भलतीकडे फांकतात. ज्याचे डोळे आपण दिपविले, तोच क्षणभर आंधळा होऊन आपल्याच अंगावर येईल, एवढें तरी स्मरावें.

शेवटीं दिव्यांचा रोख. मागें माल भरला कीं गाडीचें नाक वर उठतें व डिप्परही अप्परसारखा डोळ्यांत जातो. म्हणून नेहमींचा माल भरूनच रोख तपासावा. सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटर अंतरावर गाडी उभी करावी. डिप्परच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षां सुमारें दहा सेंटिमीटर खालीं पडावी.

आणि आपले दिवे सुधारले तरी दुसऱ्याच्या अंधाराचा विसर पडूं नये. आपला ऊस वाहणाऱ्या गाडीच्या मागें तांबडी चकाकती पट्टी चिकटविण्यास लागणारा वेळ चहा पिण्याइतकाही नाहीं. चांगला दिवा असला तरी त्यास परत उजेड देणारें कांहीं समोर हवें.

आषाढांतील दिव्याच्या अंवसेस आपल्या घरोघरीं समया, निरांजनें व कंदील घांसून-पुसून पाटावर मांडतात. त्याच दिवशीं अंगणांतील गाडीचेही दिवे पाहून घ्यावे. पावसाचे दिवस चालू असतात, उसाचा हंगाम पुढें असतो. दुरुस्तीस वेळही मिळतो. सुवासिनींनीं घरांतील कर्त्या मुलास त्या दिवशीं एवढेंच विचारावें, “गाडीचे दिवे पाहिलेस का रे?” ज्या घरांत हा प्रश्न विचारला जाईल, तेथील माणूस रात्रीं बिनघोर परत येण्याचा संभव पुष्कळ वाढेल.