दोन सांधे, आठ वाघिणी

घरात नातवंडांसाठी आणलेली विजेवरची आगगाडी पहिले आठ दिवस अखंड धावते. त्यानंतर तीच गोल फेरी, तोच बोगदा, तेच स्थानक पाहून मुलांचे मन उडते आणि बऱ्याच किमतीचा तो संच माळ्यावर जातो. दोष गाडीचा नसतो. तिला करण्यासारखे काम कोणी दिलेले नसते. खरी मालगाडी नुसती फिरत नाही. ती माल पोहोचवते, रिकाम्या वाघिणी परत आणते, त्या योग्य क्रमाने जोडते. हे काम लहानशा फळीवर आणता आले, तर खेळाला अर्थ येतो.

ब्रिटनमधील ॲलन राइट या छांदिष्टाने याचा सोपा मार्ग दाखवला. त्याची ‘इंगलनुक सायडिंग्ज’ ही मांडणी सुमारे चार फूट लांब व एक फूट रुंद जागेत बसते. तीत सांधे दोनच आणि रूळ तीन. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन. सांध्यांपलीकडील टोकाच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी, एवढीच जागा. वाघिणी एकूण आठ. प्रत्येक वाघिणीच्या नावाची एक चिठ्ठी करावी, आठांतून पाच चिठ्ठ्या उचलाव्यात आणि निघालेल्या क्रमानेच त्या पाच वाघिणींची गाडी लांब रुळावर तयार करावी. असे क्रम ६,७२० संभवतात, त्यामुळे तोच डाव सहसा पुन्हा येत नाही.

यातील मर्म जागेच्या तुटवड्यात आहे. तीन रुळांवर मिळून अकरा वाघिणींची जागा आणि वाघिणी आठ, म्हणजे मोकळी जागा तिघींपुरतीच. रूळ वाढवले की कोडे सोपे होते व गंमत ओसरते. भांडवल मर्यादित असताना उलाढाल कशी करावी, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेतील जॉन ॲलन यांनी १९७२ मध्ये ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचे अधिक अवघड कोडे प्रसिद्ध केले. त्यात घड्याळाशी स्पर्धा असते. त्याआधी, १९६१ मध्ये, डग स्मिथ यांनी प्रत्येक वाघिणीला एक पत्र व त्यात मालाची बिल्टी अशी पद्धत मांडली होती. ही पद्धत आपल्या घरांत सहज रुजेल. सांगलीची हळद, अकोल्याच्या कापसाच्या गाठी, कोल्हापूरचा गूळ अशा बिल्ट्या आजोबांनी लिहाव्यात, माल कोणाकडून व कोणाकडे हे नमूद करावे आणि नातवाने इंजिन चालवून वाघिणी ठिकाणी लावाव्यात. एकाने सांधे बदलावेत, दुसऱ्याने हालचाली मोजाव्यात. पुढच्या खेपेस तेच काम कमी हालचालींत साधावे.

इंजिन हळू चालवणे, वाघीण धक्का न देता जोडणे आणि पहिली हालचाल करण्यापूर्वी पुढच्या तीन हालचालींचा विचार करणे, एवढी शिस्त पाळली तर हा खेळ मोठ्यांनाही तासभर बांधून ठेवतो. नवा संच घेण्याची गरज नाही. माळ्यावरचा जुना संच खाली काढावा, रुळांवरची धूळ पुसावी, दोन सांधे जोडावेत आणि आठ चिठ्ठ्या लिहायला घ्याव्यात.