कुरकुमीनमधून वीज का वाहत नाही?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळद घेताना तिच्यातल्या कुरकुमीन या रंगद्रव्याचं प्रमाण विचारलं जातं. तो रेणू पिवळा का, हे सहसा विचारलं जात नाही. त्याच्या कार्बनसाखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीने येतात, म्हणून काही इलेक्ट्रॉन एका बंधापुरते न राहता रेणूभर पसरतात. ते निळा-जांभळा प्रकाश शोषतात आणि उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. मोबाइलच्या ओएलईडी पडद्यातल्या सेंद्रिय अर्धवाहकांचा पायाही असेच पसरलेले इलेक्ट्रॉन.

मग हळकुंडातून वीज का वाहत नाही? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच या पदार्थांचं मर्म आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू एकमेकांना घट्ट बांधलेले असल्याने इलेक्ट्रॉनला सलग वाट मिळते. सेंद्रिय पदार्थात रेणू नुसते शेजारी टेकलेले असतात, त्यामुळे विद्युतभाराला बहुधा एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी घ्यावी लागते. अंतर किंचित वाढलं तरी उडीची शक्यता झपाट्याने घटते. हळकुंडात तर कुरकुमीन जेमतेम काही टक्के. बाकी मुख्यतः पिष्ट आणि तंतू. म्हणून रेणू कितीही गुणी असला, तरी तो किती शुद्ध आहे आणि कसा रचला आहे, यावर सारं ठरतं असं मला वाटतं.

ऊर्जेचं थोडं वेगळं आहे. प्रकाश शोषल्यावर उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा एकमेकांना धरून राहतात. ही जोडी, म्हणजे एक्सायटॉन, विद्युतभार न नेता ऊर्जा नेते. तीही अनेक पदार्थांत 10 नॅनोमीटरच्या आसपासच. पुढे ती ऊर्जा प्रकाश किंवा उष्णता होते, नाहीतर रेणूच मोडते. उन्हात हळदीचा डाग फिका पडतो तो कुरकुमीन असं मोडल्यामुळे, आणि रेणूंचं हेच मोडणं ओएलईडीचं आयुष्यही घटवतं.

हळदीत टाकणखार आणि लिंबाचा रस घालून कुंकू करण्याची रीत जुनी आहे. टाकणखारातला बोरॉन कुरकुमीनच्या मधल्या दोन ऑक्सिजनना धरतो आणि रंग लाल होतो. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह 2018 मध्ये बोरॉन-फ्लोरिन जोडलेल्या कुरकुमीनवर्गीय रेणूपासून ओएलईडी बनवला. तो 720 नॅनोमीटरच्या आसपास, सुमारे 10 टक्के कार्यक्षमतेने प्रकाश देतो. हा रेणू प्रयोगशाळेत घडवलेला आहे, शेतातला नाही. त्यामुळे यातून हळदीला भाव येईल असं कोणी सांगू नये. पण वसमतच्या हळद संशोधन केंद्राने टक्केवारीबरोबर कुरकुमीनची शुद्धता आणि प्रकाशातला टिकाऊपणाही मोजला, तर ती माहिती मसाल्यालाही उपयोगी पडेल.