शिकारीच्या गेम्सची तीन नाराज वर्षं

28 फेब्रुवारी 2025 रोजी जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ हा शिकारीचा गेम बाजारात आला आणि तीन दिवसांत त्याच्या 80 लाख प्रती खपल्या. कंपनीचा दुसरा कुठलाही गेम तोवर इतक्या वेगाने विकला गेला नव्हता. पीसीवरचे गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात तो एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या 13 लाख 80 हजारांच्या वर गेली. मार्च संपेपर्यंत विक्रीने एक कोटीचा टप्पा ओलांडला. पुढच्या तिमाहीत, म्हणजे एप्रिल ते जून या काळात, विकल्या गेल्या जेमतेम 4 लाख 77 हजार प्रती. जूनमध्ये तर स्टीमवरच्या ताज्या अभिप्रायांनी या गेमला सर्वांत खालच्या श्रेणीत नेऊन बसवलं. मत देणाऱ्यांपैकी वीस टक्क्यांहून कमी लोक शिफारस करतात, तेव्हाच ती श्रेणी मिळते. चार महिन्यांत एवढी घसरण झाली, की गिऱ्हाईक लहरी आहे, आज डोक्यावर घेतं आणि उद्या आपटतं, असं म्हणायचा मोह होतो. 2023 ते 2025 या तीन वर्षांत शिकारीच्या तीन मोठ्या गेम्सचं काय झालं ते क्रमाने पाहिलं, तर मला उलटंच दिसतं. गिऱ्हाइकांचं म्हणणं पहिल्यापासून जवळजवळ एकच होतं, ते नेमकं होतं, आणि बहुतेक वेळा ते विक्रीच्या आधीच कंपन्यांच्या हाती आलेलं होतं.

पहिली ठेच फेब्रुवारी 2023 मधली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेला आणि कोएई टेक्मोच्या ओमेगा फोर्सने घडवलेला ‘वाइल्ड हार्ट्स’ हा गेम कल्पनेच्या बाजूने चांगलाच ताजा होता. शिकार चालू असतानाच लाकडी यंत्रं उभारायची, त्यांवर चढून अजस्र प्राण्यावर झेप घ्यायची, ही युक्ती खेळणाऱ्यांना मनापासून आवडली. तक्रार होती ती पीसीवर गेम अडखळत चालण्याची, आणि महागड्या यंत्रांवरही तो अडखळत होता. दुरुस्त्या आल्या, पण हळूहळू. तोवर लोक निघून गेले आणि त्याच वर्षी गेममध्ये नवी भर घालणं थांबलं. 2025 च्या जुलैत तोच गेम नव्या निन्टेंडो यंत्रासाठी पुन्हा विकायला आला. म्हणजे कल्पनेत दम होता आणि ती मागणारा वर्गही होता. चांगल्या कल्पनेची ही परवड बघून आजही वाईट वाटतं.

‘डॉन्टलेस’ची गोष्ट वेगळी आणि जास्त कडू आहे. कॅनडातल्या फिनिक्स लॅब्सचा हा गेम फुकट खेळता यायचा. 2019 मध्ये तो पूर्ण रूपात आला आणि ज्यांना ‘मॉन्स्टर हंटर’ विकत घेणं परवडत नव्हतं, अशा अनेकांची शिकारीशी पहिली ओळख त्याने करून दिली. प्राणी मारायचा, त्याचं कातडं, नख्या, शिंगं गोळा करायची, त्यांतून हत्यार घडवायचं आणि त्या हत्याराने पुढचा प्राणी गाठायचा, हा या सगळ्या गेम्सचा कणा. डिसेंबर 2024 मध्ये ‘अवेकनिंग’ नावाचा मोठा बदल आला. त्याने हा कणाच काढून घेतला. लोकांनी वर्षानुवर्षं घडवलेली हत्यारं गेली आणि त्यांच्या जागी नव्या पद्धतीने मिळवायची किंवा विकत घ्यायची ठराविक हत्यारं आली. स्टीमवर तो गेम नेमका याच वेळी पहिल्यांदा दाखल झाल्यामुळे जुन्या लोकांचा संताप नव्यांच्या पहिल्या नजरेसमोर मांडला गेला. जानेवारीत कंपनीतल्या बहुसंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि 29 मे 2025 ला सर्व्हर कायमचे बंद झाले. इथे कुणी ग्राफिक्सबद्दल भांडत नव्हतं. आपण घालवलेल्या वेळेची नोंद पुसली गेली, एवढंच लोक सांगत होते, आणि ते खरं होतं.

या दोन उदाहरणांनंतर ‘वाइल्ड्स’ आला हे लक्षात घेतलं, की त्याच्याबद्दलची नाराजी जास्त कळते. कॅपकॉम काही नवखी कंपनी नव्हे. 2018 च्या ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ने ही मालिका जपानबाहेर घरोघर नेली होती आणि तो गेम दोन कोटींहून अधिक खपला आहे. ‘वाइल्ड्स’च्या खुल्या चाचण्या झाल्या त्या 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये. पहिल्याच चाचणीत कित्येकांच्या पडद्यावर प्राणी आणि माणसं कागदाच्या घड्या घातल्यासारखी कोनाकोनांची दिसली. त्यांची चित्रं जगभर फिरली. विक्रीपूर्वी कंपनीने पीसीची क्षमता तपासायला एक मोफत चाचणी-प्रोग्रॅमही दिला. तो चालवणाऱ्यांनी तेव्हाच दाखवून दिलं, की त्यातला मोठा भाग यंत्रावर फारसा भार न टाकणाऱ्या कथादृश्यांचा आहे, त्यामुळे सरासरी आकडा फुगून येतो आणि प्रत्यक्ष मैदानात गेम तेवढा वेगाने चालत नाही.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट खुद्द कंपनीच्या कागदावर होती. शिफारस केलेल्या यंत्रावर मध्यम दर्जाच्या चित्रात सेकंदाला 60 फ्रेम मिळतील, असं तिथे लिहिलं होतं, आणि सोबत अट होती ‘फ्रेम जनरेशन’ चालू ठेवण्याची. यात यंत्र दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक अंदाजाने तयार केलेली फ्रेम घुसवतं. डोळ्याला हालचाल गुळगुळीत वाटते, पण बटण दाबल्यावर तलवार उचलली जायला लागणारा वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. हे तंत्र पुरवणाऱ्या एएमडी कंपनीची सूचना अशी, की आधी खऱ्या 60 फ्रेम मिळत असतील तरच ते वापरावं. ‘वाइल्ड्स’मध्ये ते 60 पर्यंत पोचायची शिडी म्हणून वापरलं गेलं. ज्या गेममध्ये प्राण्याची शेपटी फिरताना नेमक्या क्षणी बाजूला उडी मारायची असते, तिथे हा उशीर शिकार हुकवतो. शिफारशीच्या यादीत एनव्हिडियाचं ‘4060’ हे ग्राफिक्स कार्डही होतं. त्याची मेमरी 8 जीबी, आणि 8 जीबीच्या कार्डांवर खडक, कातडी, कापड पुसट दिसतात हे पहिल्या आठवड्यापासून तपासणाऱ्यांनी दाखवलं. लोकांनी यादी वाचून यंत्र जुळवलं होतं. मग ‘तुमचं यंत्र जुनं आहे’ हे उत्तर त्यांना कोणत्या तोंडाने द्यायचं?

दुसरी तक्रार कमी गाजली, मला मात्र ती जास्त महत्त्वाची वाटते. ‘वर्ल्ड’मध्ये शिकाऱ्याला पावलांचे ठसे, झाडावर घासलेल्या अंगाच्या खुणा शोधत जावं लागे. ‘वाइल्ड्स’मध्ये ‘सेक्रेट’ नावाचं वाहन-जनावर आहे. पाठीवर बसलं, की ते आपणहून भक्ष्यापर्यंत धावत सुटतं. वाळवंट, जंगल, बर्फ, सगळं अप्रतिम रंगवलेलं, आणि त्यातून खेळणारा आगगाडीतल्या प्रवाशासारखा जातो. अनुभवी लोकांनी लिहिलं, की प्राणी लवकर मरतात, कथा संपल्यावर करण्यासारखं थोडं उरतं, आणि शिकारी जिथे एकत्र जमतात तो मोठा अड्डा एप्रिलच्या अपडेटपर्यंत गेममध्ये नव्हताच. शिकारीतला आनंद बहुतांशी माग काढण्यात आणि थांबण्यात असतो. वसईच्या पश्चिमेला भुईगावच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन पक्ष्यांमागे जाणाऱ्यांना हे कुणी शिकवायची गरज नाही. भरती-ओहोटीची वेळ धरून, चिखलात उभं राहून वाट पाहण्याला पर्याय नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे खरी शिकार बंद केली, आणि ते योग्यच झालं. माग काढण्याची ओढ मात्र माणसात राहते. तिला निर्धोक वाट देणं हे या गेम्सचं मोठं काम आहे, म्हणून त्यातला मागच काढून टाकला जातो तेव्हा गिऱ्हाइकाने बोललंच पाहिजे.

यावर आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप झुंडीचा: लोक एकमेकांचं पाहून अंगठा खाली करतात. हे घडतं. पण स्टीमवर मत देण्यासाठी आपल्या खात्यावर तो गेम असावा लागतो, खेळलेले तास मतासोबत दिसतात, आणि विषयाबाहेरचे लोंढे आले तर ते ओळखून गुणांतून वगळण्याची सोय 2019 पासून आहे. फ्रेम घसरणं, गेम बंद पडणं, हे विषयाबाहेरचं नाही. दुसरा आक्षेप असा, की शंभर-दोनशे तास खेळून मग ‘घेऊ नका’ म्हणणारा माणूस अप्रामाणिक असतो. मला तो सर्वांत विश्वासू साक्षीदार वाटतो. पहिले काही तास कथाच हात धरून नेते. उणिवा दिसतात त्या पुढे, आणि पैसे परत मागायची स्टीमची मुदत दोन तासांच्या खेळाची. ज्या गेमचं खरं रूप तिसाव्या तासाला कळतं, तिथे उशिरा आलेलं मत हेच पूर्ण मत. तिसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या छळाचा, आणि तो पूर्णपणे मान्य करायला हवा. 2025 मध्ये कॅपकॉमला आपल्या माणसांना धमकावणाऱ्यांविरुद्ध कायदेशीर कारवाईचा इशारा द्यावा लागला. रात्रंदिवस राबणाऱ्या कलाकाराला शिव्या घालणं हा अभिप्राय होत नाही. फक्त त्या शिव्यांच्या आड हजारो शांत, मोजूनमापून लिहिलेल्या तक्रारी झाकल्या जाऊ नयेत.

एक कोटी विक्री झाली, मग निराशा कसली, असाही प्रश्न येतो. पहिल्या महिन्यातली विक्री आधीच्या गेमने कमावलेला विश्वास मोजते. ‘वर्ल्ड’ आवडलेल्या लोकांनी ‘वाइल्ड्स’ डोळे झाकून घेतला. तो कसा निघाला हे पुढच्या तिमाहीने सांगितलं. 2025 च्या मध्यावर तर सात वर्षं जुना ‘वर्ल्ड’ खेळणाऱ्यांची संख्या स्टीमवर कधी कधी ‘वाइल्ड्स’च्या पुढे जात होती. म्हणजे लोकांची शिकारीची हौस फिटलेली नव्हती.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. भुईगावातल्या कॉलेजच्या मुलाला 70 डॉलरच्या, म्हणजे तेव्हाच्या दराने सहा हजारांच्या घरातल्या, गेमसाठी पैसे साठवावे लागतात आणि त्याहून कितीतरी अधिक यंत्रासाठी. दुकानात जाऊन खेळून बघायची सोय नाही. त्याच्यासाठी इतरांचं मत हाच एक आधार. तो आधार पोकळ कसा होतो हे आपण 2021 मध्ये पाहिलं. पब्जी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, दोनच दिवसांत ‘फौजी’ या गेमची घोषणा झाली आणि 26 जानेवारीला, देशभक्तीच्या लाटेवर, तो गेम आला. हाती काही येण्याआधीच लाखो लोकांनी नाव नोंदवलं, आणि तो येताच कौतुकाचे तारे पडले. मग गलवानच्या खोऱ्यात बंदुकीविना ठोसे मारत पुढे सरकायचं आणि मित्रांसोबत खेळायची सोयच नाही, हे कळल्यावर काही दिवसांत ते तारे घसरले. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ या गेमच्या बाबतीत निदान क्रम तरी बदलला. नावनोंदणी एक कोटीच्या पुढे गेली होती, तरी निवडक खेळणाऱ्यांकडून चाचण्या घेत घेत त्यांनी प्रकाशन ऑक्टोबर 2024 पर्यंत लांबवलं. गेम कसा उतरला यावर मतभेद असतील. पण लोकांना आधी खेळू देऊन मग विकायला काढणं, हे पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला जमू शकतं.

कॅपकॉमकडे तर त्याहून जास्त होतं: दोन खुल्या चाचण्या, लाखो खेळणारे, आणि फेब्रुवारीतल्या दुसऱ्या चाचणीनंतर ‘हे अजून तयार नाही’ असं स्पष्ट सांगणारे लोक. ती चाचणी फेब्रुवारीच्या मध्याला संपली. विक्री दोन आठवड्यांहूनही कमी अंतरावर होती. एवढ्या वेळात काहीच दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, आणि तारीख पुढे ढकलण्याइतका वेळ मात्र नक्की होता.