वाकेल, पण मोडणार नाही!

दोस्तांनो, उल्हासनगरच्या कॅम्प २ मधला जपानी बाजार तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिथे कापड हवं तेवढं मिळेल. पण ‘जपानी धनुष्य द्या’ म्हणालात, तर दुकानदार बघतच राहील! ते पाहायचं तर जपानच्या क्युशू बेटावरच्या मियाकोनोजो शहरात जायला हवं. जपानमधली बांबूची बहुतेक धनुष्यं तिथेच तयार होतात.

या धनुष्याला म्हणतात ‘युमी’. उंची साधारण २२१ सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात फूट! तुमच्या बाबांच्याही डोक्यावरून जाईल. आणि गंमत म्हणजे ते मधोमध धरत नाहीत. मूठ असते खालून एक तृतीयांश उंचीवर.

कारागीर बांबू हिवाळ्यात तोडतो, कारण तेव्हा त्यात साखर कमी असते आणि कीड कमी लागते. मग तो वाळवून, फोडून त्याच्या पट्ट्या करतो. पोटात लाकूड आणि बांबूच्या अरुंद पट्ट्या, पुढे-मागे बांबूची एकेक लांब पट्टी, मध्ये सरस. हे सगळं दोरीनं गच्च आवळायचं आणि दोरीखाली शंभरेक पाचरी ठोकत वाक आणायचा. सरस वाळायच्या आत हे उरकायला हवं! लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास कामं, आणि ती सगळी एकाच कारागिराच्या हातची.

तुम्ही म्हणाल, आपल्या महाराष्ट्रात असं काही आहे का? आहे तर! नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या डोंगरात भिल्ल लोक राहतात. त्यांचा तिरकामठाही बांबूचाच. पण इथे ना सरस, ना पाचरी. बांबूची एकच जाड पट्टी तासून धनुष्य तयार. आणि दोरी? बहुधा तीही बांबूचीच, पातळ चिवट पट्टीची!

जपान कुठे आणि सातपुडा कुठे! तरी दोघांनीही बांबूच निवडला. का बरं?

त्याचं उत्तर पतंगाच्या कामटीत आहे. बांबूची अशी एक ओली कामटी कुणा मोठ्या माणसाकडून तासून घ्या. एक बाजू गुळगुळीत, ती साल. दुसरी पांढुरकी, ती गर. आता चेहऱ्यापासून लांब धरून ती हळूहळू वाकवा. साल बाहेरच्या बाजूला असेल तर ती छान वाकते. साल आत ठेवलीत, तर गराकडचे तंतू लवकर तुटू लागतात. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते ना, म्हणून. बांबूचे मजबूत तंतू सालीजवळच दाटीनं असतात. ताण सोसायचं काम त्यांनाच द्यायचं!

पण एवढ्यानं धनुष्य होत नाही, बरं का. खरी परीक्षा पुढेच. दोरी ओढली की दोन्ही बाजू आपापल्या मापानं वाकल्या पाहिजेत. एक बाजू ताठ राहिली, तर सगळा भार दुसरीवर येतो आणि ती कडकन मोडते. म्हणून कारागीर थोडं तासतो, ओढून बघतो, पुन्हा थोडं तासतो. चुकून एक बाजू जास्त तासली गेली तर? तासलेलं परत चिकटवता येत नाही! मग दुसरी बाजूही तेवढीच तासावी लागते. धनुष्य वाचतं, पण त्याचा जोर कमी होतो. युमीची तर आणखी पंचाईत. तिची वरची बाजू लांब, खालची आखूड, आणि दोघींचा तोल सांभाळायचा!

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागातला लिंबाराम लहानपणी अशाच बांबूच्या धनुष्यावर नेम शिकला. पुढे तो १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये खेळला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली.

मात्र घरी धनुष्य करून कुणावर, अगदी चिमणीवरसुद्धा, नेम धरायचा नाही हं! बाण डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. नेम शिकायचा तो प्रशिक्षकासमोर, मैदानावर.

आणि हो, यंदा संक्रांतीला पतंग हातात आला, की आधी त्याची कमान नीट पाहा. सालीची बाजू ओळखता येते का?