लसूणघासाची पावडर : गोदामाच्या कुत्र्याला कितपत उपयोगी?

पाळीव जनावरांच्या सामानाच्या दुकानांतून 'अल्फाल्फा पावडर' या नावाने एक हिरवी भुकटी डब्यात भरून विकली जाते. डब्यावर कुत्र्याचे चित्र असते आणि खाली सांधेदुखी, केस, पचन, ताकद अशा फायद्यांची लांबलचक यादी. आपले काही व्यापारी बांधव हा माल दुकानात ठेवतात, तर काही जण गोदामाच्या राखणीच्या कुत्र्यासाठी तो विकत घेतात. तेव्हा हा माल मुळात काय आहे, हे नीट समजून घेतलेले बरे.

अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. शेतकरी त्याला नुसता 'घास' म्हणतो, पान मेथीसारखे म्हणून कोणी मेथीघासही म्हणतो, हिंदीत रिजका. लसणाशी त्याचे काही नाते नाही. नावाची हकीकत मात्र आपल्या वाचकांना आवडेल. 'अल्फाल्फा' हा शब्द स्पॅनिश लोकांनी अरबीतील 'अल-फस्फसा'वरून घेतला आणि अरबीत तो जुन्या फारसीतून आला. फारसीतील मूळ शब्दाचा अर्थ 'घोड्याचा चारा'. म्हणजे इराण-अरबस्तानचा चारा युरोप-अमेरिका फिरून, रंगीत डब्यात बसून, दसपट दिमाखाने आपल्याच बाजारात परत आला आहे.

घोडा, गाय, बकरी यांच्यासाठी हा चारा उत्तमच. चांगल्या वाळलेल्या घासात शेकडा १५ ते २० प्रथिने असतात, कॅल्शियम भरपूर असते. यातला मोठा हिस्सा पानात असतो, काडीत नव्हे. म्हणून वाळवताना पान झडून गेले की वजन दिसते, पण कस जातो. कापडात जशी खळ लावून वजन वाढवलेली दिसते, तसाच हा प्रकार. बकरीच्या पोटात चार कप्पे असतात, ती रवंथ करते, त्यामुळे चोथ्यातूनही सत्त्व काढते. (तिलासुद्धा उपाशीपोटी ओला कोवळा घास पोटभर दिला तर पोट फुगते, हे बकरी पाळणाऱ्यांना सांगायला नको.)

कुत्र्याचे तसे नाही. त्याचे आतडे आखूड, रवंथ नाही, चोथा बहुतेक जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यामुळे डब्यावरचा प्रथिनांचा आकडा बकरीला लागू पडतो तसा कुत्र्याला पडत नाही. मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात शेकडा १८ तरी पचणारी प्रथिने हवीत. ती मांस, अंडी, मासळी यांतून मिळतात. दुसरी बाब हिशेबाची. कुत्र्याच्या खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा फार तर दुप्पट असावे लागते. घासात ते पाच-सहापट असते. चिमूटभर पावडरने काही बिघडत नाही, पण अल्सेशियनसारख्या मोठ्या जातीच्या वाढत्या पिलाला 'हाडे मजबूत होतील' म्हणून चमचे भरभरून घातले, तर जादा कॅल्शियमने तीच हाडे वेडीवाकडी वाढू शकतात.

मग हा माल निरुपयोगी आहे का? तसेही नाही. तयार खाद्य बनवणाऱ्या काही कंपन्या थोडा घास मिसळतात. त्यातून थोडा चोथा आणि काही जीवनसत्त्वे मिळतात. मात्र सगळे वरखाऊ मिळून रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत राहावे. सांधेदुखी बरी होते, हा दावा कुत्र्यांवर पुराव्याने सिद्ध झालेला नाही. जो दुकानदार तसे सांगून डबा विकतो, तो मालाचा ऐब लपवतो असेच मी म्हणेन. गिऱ्हाइकाला 'हा पूरक चारा आहे, औषध नाही' एवढे सांगितले तर विक्री थोडी कमी होईल, पण कमाईत बरकत राहील.

माल घेताना पावडर पानाची आहे की बियांची, हे जरूर विचारावे. बी आणि मोड यांत कॅनाव्हॅनीन नावाचे द्रव्य असते, ते शरीराला चांगले नाही. पानाची पावडर हिरवी आणि सुक्या गवताच्या वासाची असावी. तपकिरी पडलेला किंवा कुबट वासाचा माल परत करावा. माणसांसाठी मिळणारे अल्फाल्फा टॉनिक तर कुत्र्याला मुळीच देऊ नये. अशा बाटल्यांत अल्कोहोल असू शकते, आणि बिनसाखरेच्या औषधात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याच्या जिवावर बेतते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शिकारीसाठी, जनावरांच्या आणि शेताच्या राखणीसाठी कुत्रा बाळगण्याची परवानगी हदीसमध्ये आहे. त्याच आधारावर घर-गोदामाच्या राखणीलाही अनेक आलिमांनी मुभा दिली आहे. ज्याला बांधून ठेवले, त्याचे दाणापाणी ही मालकाची जबाबदारी. कापडाच्या गोदामात उंदीर आलेच, आणि उंदरांचे औषधही आले. ब्रोमाडायोलोनच्या वड्या कुत्रा आवडीने खातो. या विषाने शरीरातले 'के' जीवनसत्त्व कामाचे राहत नाही आणि रक्त गोठणे थांबते. पहिले तीन-चार दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो, मग सुस्ती, धाप, नाकातून किंवा शौचातून रक्त. घासात 'के' जीवनसत्त्व आहे हे खरे, म्हणून पावडर चारली की काम भागेल असे कोणाला वाटेल. ते चुकीचे आहे. या विषावर जनावरांचे डॉक्टर 'के-१' जीवनसत्त्व मोजून देतात आणि ते कित्येक आठवडे चालू ठेवावे लागते. पावडरीच्या चमच्यांनी ते होणारे नाही, उलट त्यात मोलाचा वेळ जातो.

उंदरांचे औषध काळपट भुकटीचे, म्हणजे झिंक फॉस्फाइड असेल, तर मामला आणखी वेगळा. ते पोटात जाऊन विषारी वायू होतो, त्रास काही तासांतच सुरू होतो, आणि तिथे 'के-१'चाही उपयोग नाही. म्हणून वड्या किंवा भुकटी कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी आणि औषधाचे रिकामे पाकीट फेकू नये. कुत्र्याने विष खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता कुत्रा आणि ते पाकीट, दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जावे.